संशय, मनःस्वास्थ्य आणि दुरावलेली मैत्री

कोविडच्या साथीविषयी आपल्या व्यासपीठांवर पुष्कळ चर्चा झाली. व्याधिक्षमत्व, रसायनचिकित्सा, काढे यांवर परिसंवादही झाले. परंतु त्या काळात कटकारस्थानाच्या समजुतींपायी जी माणसे एकमेकांपासून तुटली, त्यांच्याविषयी आपण फारसे बोललो नाही.

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झाले. माझ्या एका सहाध्यायाचे तालुक्याच्या गावी आयुर्वेदीय औषधांचे दुकान आहे. लसीतून शरीरात चिप सोडतात, असे तो गिऱ्हाइकांना सांगू लागला. चारचौघांत मी त्याला हसलो. "तू वैद्य आहेस की मांत्रिक?" असेही बोलून गेलो. त्यानंतर दोन वर्षे त्याने माझ्या घराची पायरी चढली नाही.

त्याच्या वडिलांचे २०२० च्या सप्टेंबरात रुग्णालयात निधन झाले होते. मुलाला अंत्यदर्शनही घडले नाही. पुढे रात्र-रात्र जागून तो मोबाइलवर चित्रफिती पाहत असे. हे सारे मला नंतर त्याच्या पत्नीकडून कळले. प्रश्नपरीक्षेवाचून रुग्णाला साधे चूर्णही न देणारा मी, मित्राचे निदान मात्र एकही प्रश्न न विचारता करून बसलो होतो.

परिस्थिती आपल्या हाताबाहेर गेली, ही भावना बळावली की नसलेले संबंध दिसू लागतात, असे व्हिटसन आणि गॅलिन्स्की या संशोधकांनी २००८ मध्ये प्रयोगांतून दाखविले. माझ्या मित्राच्या बाबतीत हे नेमके लागू पडते. अकस्मात आलेल्या मृत्यूपेक्षा कुणीतरी घडवून आणलेला मृत्यू मनाला अधिक समजण्याजोगा वाटतो.

अशा समजुतीस सरसकट उन्माद म्हणणे शास्त्राला धरून नाही. चरकाचार्यांनी उन्मादात मन, बुद्धी, स्मृती, शील, आचार अशा अनेक भावांचा विभ्रम सांगितला आहे. माझा मित्र दुकान चोख चालवीत होता, मुलांची फी वेळेवर भरीत होता. शिवाय ही समजूत त्याच्याबरोबर हजारो लोक बाळगून होते. याउलट "माझ्यावरच पाळत आहे, माझ्याच जेवणात विष घालतात" असे सांगणारा रुग्ण आला, तर त्यास विनाविलंब मानसरोगतज्ज्ञांकडे पाठवावे.

प्रत्येक संशय निराधार असतो असेही नाही. अमेरिकेतील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ पर्यंत सिफिलिसग्रस्त कृष्णवर्णीय पुरुषांना हेतुपुरस्सर उपचाराविना ठेवले गेले. माझ्या मित्राने हेच उदाहरण माझ्या तोंडावर फेकले होते आणि त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती या चार परीक्षा सांगितल्या आहेत. टस्कीगीचा प्रकार या परीक्षांना उतरला, चिपची गोष्ट उतरत नाही. त्याच अध्यायात पुढे सत्त्वावजय चिकित्सा येते. मी परीक्षेचा आग्रह धरला, सत्त्वावजय मात्र विसरलो.

आणखी एक मुद्दा, जो काही बंधूंना रुचणार नाही. संशय आधुनिक वैद्यकाविरुद्ध असला की आपण सोयीस्कर मौन पाळतो. "इंग्रजी औषधवाल्यांचा डाव आहे" असे म्हणत गिऱ्हाईक आले आणि काढ्याच्या चार बाटल्या घेऊन गेले, तर त्याला कोण अडवितो? मीही अडविले नाही. मित्राला हसलो, पण रुग्णांच्या त्याच संशयावर माझा गल्लाही भरत होता.

२०२३ मध्ये मी स्वतः त्याच्या दुकानी गेलो. लसीचा विषय काढला नाही, झोप कशी आहे एवढेच विचारले. "तीन वाजतात," तो म्हणाला. वडिलांविषयी तो बराच वेळ बोलला. शिरोधारेस तो तयार झाला. मानसरोगतज्ज्ञांचा पत्ता त्याने घेतला, परंतु तिकडे तो अजून गेलेला नाही. लसीविषयीचे मतही पुरते बदललेले नाही. त्या वर्षीच्या दिवाळीत मात्र स्वतः कुटलेले उटणे घेऊन तो घरी आला आणि रात्री जेवूनच गेला.