जमिनींत पुरलेल्या केबलींतील दोष कसा शोधावा

मुंबईच्या उपनगरांत वीज पुरविण्यासाठीं सन १९२९ मध्यें बाँबे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही कंपनी निघाली. २०१८ पासून तेथील बराचसा पुरवठा अदानी कंपनीकडे आहे. सांताक्रूझच्या पूर्वेकडील वाकोल्यासारख्या वस्तींत ही वीज मुख्यतः जमिनीखालील केबलींतून खेळते. वाकोला नाला मिठी नदीस मिळतो. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. अशा ओल्या भूमींत केबलीच्या वेष्टनास चीर असली कीं ओल आंत शिरते व वीज जमिनींत झिरपूं लागते.

शहरच्या या गोष्टीशीं शेतकऱ्याचा काय संबंध, असें कोणी विचारील. परंतु आपणांपैकीं अनेकांनीं विहिरीवरील पंपाची केबल बांधाकडेनें पुरली आहे. तीस फाळ लागला किंवा घुशीनें ती कुरतडली, तर ऐन पाण्याच्या वेळीं पंप बंद पडतो. सबंध चर उकरूं गेल्यास दिवस जातात व कुदळीनें धड भागहि दुखावतो.

म्हणून आधीं मोजावें, मग खणावें. प्रथम वीज बंद करून केबलीचीं दोन्हीं टोकें सोडवावीं व मेगर यंत्रानें कोणती तार सदोष आहे तें ठरवावें. नंतर दूरच्या टोकास सदोष तार त्याच जाडीच्या चांगल्या तारेस जोडून, जवळच्या टोकास शंभर भागांची मोजतार लावावी. यास मरेचें वेटोळें म्हणतात. समजा, केबल ४०० मीटर आहे. म्हणजे वेटोळें ८०० मीटरांचें झालें. सदोष तारेकडून मोजतां १५ व्या भागावर कांटा शून्य दाखवील, तर दोष ८०० चे शेंकडा १५, म्हणजे १२० मीटरांवर आहे. तार मुळींच तुटली असल्यास ही रीत चालत नाहीं. तेव्हां विजेचा सूक्ष्म ठोका सोडून त्याचा प्रतिध्वनि किती वेळानें परततो, यावरून अंतर काढितात. नेमकी जागा ठरविण्यास शहरांत केबलीवर उच्च दाबाचे ठोके देऊन जमिनीवरून त्यांचा आवाज ऐकतात.

हीं कामें परवानाधारक वीजतंत्र्याकडूनच करवावीं. दोष असलेल्या जागेभोंवतालच्या ओल्या जमिनींत वीज पसरते. बैलाच्या पुढच्या व मागच्या पायांत अंतर अधिक असल्यानें ती त्याच्या छातींतून वाहून तो जागींच दगावतो. यास्तव दोष कळतांच प्रथम वीज तोडावी व जनावरें दूर बांधावीं. नवी केबल पुरतांना तिचा मार्ग कागदावर आंखून ठेवावा व सांध्यांवर खुणेचे दगड रोवावे, अशी आमची वाचकांस आग्रहाची सूचना आहे.