झोप पळवणारी पूड, दुखणं दाबणारी गोळी

मंडळी, १५ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली की वैनगंगेवर आणि बावनथडीच्या जलाशयावर रात्रीची जाळी सुरू होतात. खांदे भरून येतात, डोळे मिटायला लागतात. अशा वेळी कुणीतरी म्हणतो, "हे घे, बरं वाटेल." आज त्या 'हे'बद्दल बोलू.

यात दोन जाती आहेत. पहिली झोप पळवणारी, जशी एमडी, म्हणजे मेफेड्रोन. हे मुंबईचं खूळ म्हणून सोडू नका. ऑक्टोबर २०२४ मध्ये भोपाळजवळ बगरोद्याच्या कारखान्यात सुमारे ९०७ किलो एमडी पकडली गेली. ती पोटात गेली की मेंदूत डोपामिनचा पूर येतो. थकवा जात नाही, फक्त कळेनासा होतो. नाडी, रक्तदाब, अंगातली उष्णता चढते, हृदय दगा देऊ शकतं. उतरली की माणूस गळून जातो, चिडतो, आणि पुन्हा तीच मागतो.

दुसरी जात दुखणं दाबणारी: अफू, हेरॉइन, ट्रामाडोल, कोडीनचं खोकल्याचं औषध. आपल्याच राज्यात मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्यानं अफू पिकते, तिच्यातून औषधं बनतात. डॉक्टरांच्या सल्ल्यानं ती कामाचीच. पण जास्त झाली की मेंदूतलं श्वास चालवणारं केंद्र मंदावतं. वर दारू असली तर धोका कितीतरी वाढतो. डोंग्यात गडी झोपला असं आपल्याला वाटतं, अन् त्याचा श्वास थांबत चाललेला असतो.

रोज घेतली की शरीर सरावतं, मात्रा वाढत जाते. बंद केली की अंग मोडतं, नाक गळतं, जुलाब होतात. काही आठवडे सोडून पुन्हा जुनीच मात्रा घेतली तर जीव जाऊ शकतो, कारण तोवर शरीराची सवय मोडलेली असते.

खूण लक्षात ठेवा: डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, ओठ निळसर, श्वास घोरल्यासारखा, हलवूनही जाग नाही. जाळं सोडा, काठ गाठा, कुशीवर झोपवा, १०८ लावा. काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा. नालोक्झोन नावाचा उतारा दवाखान्यात देतात, पण वेळेत पोचलात तरच.

डोंगेमालकांनो, थकलेल्या गड्याला गोळी नाही, पाळी बदलून द्या. घरात कुणी अडकलं असेल तर लपवू नका, १४४४६ वर फोन करा. तो मोफत आहे.