करवीचे चार बहर

मुंबईत हौसेने निसर्गाचे फोटो काढणाऱ्यांचा काळ मोजायचा असेल, तर कॅमेऱ्यांच्या मॉडेलपेक्षा करवी जास्त कामाला येते. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात हे झुडूप आठ वर्षांतून एकदा डोंगरच्या डोंगर फुलतं, बी धरतं आणि मरतं. २०००, २००८, २०१६, २०२४. एवढ्या चार पावसाळ्यांत हा छंद रोलपासून फोनपर्यंत आला.

२००० चा बहर रोलचा. छत्तीस फोटो, फिल्म बहुधा १०० एएसए. भाद्रपदातल्या ढगाळ सकाळी झाडीत उजेड इतका कमी, की शटर १/१५ वर आणावं लागे. मग ट्रायपॉड लावायचा आणि वारा पडायची वाट पाहत एकाच कणसासमोर बसून राहायचं. त्या बसण्यातच करवी कळायची. खरखरीत, दातेरी कडांचं पान, कणसावरची चिकट लव, फुलाच्या नळीत पार आत शिरून पाठीवर पराग घेऊन बाहेर येणारी मधमाशी. प्रिंट हातात पडल्यावर मात्र अनेकांचा विरस होई. डोळ्यांनी पाहिलेली जांभळी फुलं कागदावर गुलाबीसर दिसत. दोष लॅबचा असेलच असं नव्हतं. काही निळ्या-जांभळ्या पाकळ्या डोळ्याला जेमतेम जाणवणारा गडद तांबडा प्रकाशही परावर्तित करतात आणि रंगीत फिल्म तो टिपते. डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरपुढे तो अडवणारी गाळणी असते.

२००८ पर्यंत डिजिटल कॅमेरा मध्यमवर्गीय घरांत रुळला होता. फोटो काढताक्षणी पडद्यावर दिसू लागला आणि रोल संपायची धास्ती गेली. मग फुलाबरोबर मुंग्या, कोळी, किडीने खाल्लेली पानं, वाळलेले दांडे असं सगळंच टिपलं जाऊ लागलं. माझ्या मते त्या काळातला सगळ्यात मोठा बदल चित्राच्या स्पष्टतेत नव्हता. प्रत्येक फोटोबरोबर तारीख, वेळ, शटर, अॅपर्चर आपोआप नोंदलं जाऊ लागलं, हा तो बदल. कुठल्या तारखेला कोणता उतार फुलला होता, हे लक्षात ठेवण्यासाठी वेगळी वही ठेवायची गरज उरली नाही.

२०१६ चा बहर गर्दीचा. त्याच सप्टेंबरात जिओ सुरू झालं आणि फोनवरचे फोटो क्षणात गावभर पोचू लागले. नवी माणसं रानात आली, याचा मला मनापासून आनंद आहे. मार्गदर्शकांसोबत ठरलेल्या वाटांवरून काढलेल्या फेऱ्यांत कितीतरी जणांनी पहिल्यांदाच करवी पाहिली. पण सेल्फीसाठी झुडपांत घुसून फांद्या वाकवणं मला आजही सहन होत नाही. करवी आयुष्यात एकदाच बी देते. फुलांनी लगडलेला दांडा मोडला, तर त्या झाडाची आठ वर्षं फुकट गेली.

२०२४ मध्ये साध्या फोनलाही जवळून टिपणारी लेन्स होती. आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळावर तारीख-जागेसह फोटो टाकला, की त्यातला कीटक कुठला हे सांगणारं कुणीतरी भेटतं. हौशी माणसाचा फोटो असा अभ्यासकाच्या कामी येऊ लागला, हे या पंचवीस वर्षांतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

तरी एक उणीव राहिलीच. आपले कॅमेरे बहराच्या वर्षीच करवीकडे वळतात. खरं तर पुढचं वर्षही तितकंच बघण्याजोगं असतं. उन्हाळाभर वाळलेली बोंडं पहिल्या पावसाचं पाणी लागताच तडतडत फुटतात, बिया उडतात आणि त्याच पावसाळ्यात मेलेल्या दांड्यांखाली रोपं उगवतात. नंतरच्या हिरव्या वर्षांत तीच रोपं उंच होत जातात. वणवा कुठे लागला, घाणेरी कुठे माजली, कोणत्या उतारावर करवी विरळ झाली, हे त्याच जागी दरवर्षी काढलेल्या साध्या फोटोंतून कळेल. त्याला महागडी लेन्स लागत नाही.

आणि ज्यांच्या घरी २००० चे प्रिंट आहेत, त्यांनी ते अल्बममधून अलगद सोडवून स्कॅन करावेत. रंग गुलाबी असला तरी चालेल. मागे तारीख नसेल तर आठवेल तेवढं लिहावं: महिना, पायवाट, ओढ्याची कुठली बाजू. २०३२ च्या बहराशी ताडून पाहायला ते लागणार आहेत.