'हॅलोविन ५'ची घाई कुठे नडली?
जॉन कार्पेंटरच्या 'हॅलोविन'मध्ये (१९७८) भरदिवसा नायिका लॉरीला झुडपांच्या कुंपणापाशी मुखवटेवाला खुनी मायकेल दिसतो. मैत्रीण जाऊन बघते, तर कोणीच नाही! त्या रात्रीचे खून अजून लांब असतात, पण आपली नजर पडद्याच्या कडाकोपऱ्यांत त्याला शोधू लागते. उत्कंठा ती हीच. या सबंध चित्रपटाचं चित्रण अवघ्या काही आठवड्यांत उरकलं होतं. तेव्हा चित्रणाची घाई नडत नाही; नडते ती पटकथेची. चौथा भाग ऑक्टोबर १९८८मध्ये चालला आणि वर्षभरात पाचवा आला. पटकथा पुरी होण्याआधीच कॅमेरा सुरू झाला होता. चौथ्याच्या शेवटी मायकेलच्या चिमुरड्या भाचीच्या, जेमीच्या हातात रक्ताळलेली कात्री होती. केवढा जबरदस्त धागा! पाचव्याने तो सोडून दिला आणि काळ्या कोटातला एक गूढ माणूस आणला. तो कोण, हे लिहिणाऱ्यांनीच ठरवलं नव्हतं. त्यामुळे तो येतो, जातो; आपण कशाची वाट बघायची, तेच कळत नाही.