टोपली कुठली? एका प्रश्नातले तीन प्रश्न

आज एका साध्या वस्तूपासून सुरुवात करतो.

आमच्या देवघरात झाकणाची एक छोटी टोपली होती, फुलवाती ठेवायची. सोनेरी गवताची, मध्ये भडक जांभळा पट्टा. आजीनं ती कोकणातल्या माहेरी स्वतः विणली, असं लहानपणापासून ऐकत आलो. तर्कशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, पण याला पुरावा काय, असं मी कधी विचारलं नाही. पुढे एका बुरूड कारागिराला ती दाखवली. त्यानं ती आधी उलटी केली आणि म्हणाला, "सर, हे आमच्याकडचं काम नाही. ही विणलेली नाहीच, शिवलेली आहे."

त्या वाक्यात निम्मा विषय आला बघा. 'टोपली कुठली?' हा प्रश्न एक वाटतो, पण ते तीन आहेत. साहित्य कुठलं? घडवण्याची रीत कुणाची? आणि ती आपल्याकडे आली कुठून? आपण तिसऱ्याचं उत्तर पहिल्या दोघांना चिकटवतो. घोटाळा तिथेच होतो.

आधी रीत. टोपल्या मुख्यतः तीन रीतींनी होतात. एक चटईची वीण: पट्टी एकीच्या वरून, दुसरीच्या खालून. दुसरी पिळाची: उभ्या काड्यांना दोन आडव्या काड्या एकमेकींत पीळ घालत धरत जातात. तिसरी वेटोळ्याची: गवताची जुडी गोल फिरवायची आणि प्रत्येक वेढा खालच्या वेढ्याला टाचायचा. आता टोपली उलटी का करायची? कारण सुरुवात बहुधा तळाशी असते. आकार गिऱ्हाइकाप्रमाणे बदलतो, नक्षीची नक्कल होते. पण सुरुवात कशी करायची, ही हाताची सवय सहसा बदलत नाही.

मग साहित्य. आपल्याकडे बुरूडकाम म्हणजे बांबूच्या कामट्या. तमिळनाडूत चेट्टिनाडची कोट्टान ताडाच्या पानांची, चटईच्या विणीची. उत्तर बिहारात, मिथिलेत, पाणथळ जागी सिक्की नावाचं सोनेरी गवत होतं. आत मुंजेची जुडी, वरून सिक्की, आणि टाचायला टकुआ नावाची लोखंडी सुई. साहित्य व्यापारानं लांबही जातं, म्हणून ते एकटं पुरत नाही. रीतीशी जुळवून बघावं लागतं.

वापरही बोलतो. मेघालयातल्या खासी लोकांची 'खोह' खाली निमुळती, कारण ती कपाळावरच्या पट्ट्यानं पाठीवर घेतात. आपली पाटी डोक्यावर चुंबळीवर बसायची, म्हणून तिचा तळ पसरट.

काळाबद्दल मात्र जपून. विल्यम पर्किनला पहिला कृत्रिम कापडी रंग १८५६ मध्ये सापडला, आणि तो जांभळाच होता. आमचा पट्टा कृत्रिम रंगाचा असेल, तर टोपली त्याआधीची नाही. सिद्ध होतं ते एवढंच. १८६० ची की १९४० ची, हे त्यातून निघत नाही.

आता तिसरा प्रश्न, सांगोवांगीचा. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण आहे, पण बोलणारा आप्त हवा. आप्त म्हणजे ज्याला ती गोष्ट स्वतः ठाऊक आहे आणि जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे. दोन्ही अटी लागतात.

यातली दुसरी अट मोडली की काय होतं, याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. नेवाडातल्या कार्सन सिटीत लुईसा कायझर नावाची वाशो जमातीची विणकर होती. १९२५ मध्ये ती वारली. एब कोन हा व्यापारी तिच्या टोपल्या विकायचा. नोंदवही ठेवायचा, प्रमाणपत्रं द्यायचा. पण त्यानं आणि त्याच्या बायकोनं तिला राजकन्या ठरवलं, नक्षीला प्राचीन अर्थ चिकटवले. पुढच्या संशोधनात दिसलं की त्यातलं बरंच रचलेलं होतं, आणि तो नावाजलेला आकार जमातीचा पुरातन वारसा नसून मोठ्या प्रमाणात त्या बाईची स्वतःची प्रतिभा होती. म्हणजे गोष्टीनं टोपलीची किंमत वाढवली आणि करणारीचं श्रेय कमी केलं.

आमच्या घरी उलटी गत. आत्या प्रामाणिक होती, पण तिला स्वतःला ठाऊक नव्हतं. वेटोळं, मुंज, सोनेरी गवत, तिन्हींचं बोट मिथिलेकडे जातं. मग आठवलं की आजोबा रेल्वेत होते, काही वर्षं समस्तीपूरला. मी हे सांगितलं तेव्हा आत्याचे डोळे भरून आले. म्हणाली, "मग आईचं काय राहिलं रे?"

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज सांगतो. आजीनं ती आयुष्यभर जपली, हे तिचंच आहे, ते कुणी घेत नाही. पण ती टाचणारी बाई दुसरी होती, आणि तिचं नाव आपल्याला मिळणार नाही. निदान तिचं काम दुसऱ्याच्या नावावर ठेवू नये.

मी टोपलीत एक चिठ्ठी ठेवली आहे, तीन ओळींची. 'साहित्य आणि रीत: बहुधा मिथिला. करणारी: अज्ञात. जपणारी: आजी.' 'बहुधा' हा शब्द मुद्दाम लिहिला आहे. घरी गेलात की तुमचीही टोपली उलटी करून बघा, आणि जे दिसतं ते ऐकलेल्यापासून वेगळं लिहून ठेवा.

थांबतो. प्रश्न घेऊया.