इंटरनेट दूरध्वनी : तंत्र आणि नियमन

जयपूरमधील एखाद्या घरातून संगणकाद्वारे लंडनला दूरध्वनी केला, तर तो कसा जोडला जातो? पारंपरिक दूरध्वनीत संभाषण संपेपर्यंत दोन टोकांमधील मार्ग राखून ठेवला जातो. इंटरनेट दूरध्वनीत आवाजाचे सामान्यतः प्रतिसेकंद ८,००० नमुने घेऊन त्यांचे अंकीय संकेतांत रूपांतर होते. हे संकेत लहान लहान पॅकेटांत विभागून इंटरनेटवरून पाठविले जातात. स्वतंत्र मार्ग राखावा लागत नसल्याने खर्च घटतो. पलीकडे साधा दूरध्वनी असल्यास ‘गेटवे’ ही यंत्रणा पॅकेटांतील संभाषण दूरध्वनीच्या जाळ्यात पोहोचविते.

भारतात नियमनाचा प्रश्न या गेटवेपाशीच उद्भवला. १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट सेवादात्यांना ही सेवा देण्याची मुभा मिळाली. परंतु संगणकावरून परदेशातील दूरध्वनी जोडता येई, देशातील नाही. म्हणजे जयपूरहून लंडनला परवानगी, पुण्याला मनाई! प्रवेश शुल्क आणि महसुलातील वाटा देणाऱ्या दूरध्वनी कंपन्यांशी अल्प शुल्काच्या सेवेची स्पर्धा विषम ठरेल, असा यामागील युक्तिवाद होता. ग्राहकाला मात्र स्वस्त पर्यायास मुकावे लागले. २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्याच्या अटी सुधारून दूरध्वनी सेवेच्या परवानाधारकांना देशांतर्गत जोडणीचा मार्ग मोकळा केला.

तंत्राची एक मर्यादाही लक्षात घ्यावी. तांब्याच्या तारेवरील दूरध्वनीला एक्स्चेंजमधून वीज मिळते. इंटरनेट दूरध्वनी घरातील वीज जाताच, पर्यायी व्यवस्था नसल्यास, बंद पडतो.