हीट पंप किती किलोवॉटचा हवा?

ब्रिटनमधील बहुसंख्य घरे आजही नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या बॉयलरने उबदार ठेवली जातात, आणि त्यांच्या जागी बाहेरील हवेतून उष्णता घेणारे हीट पंप बसावेत म्हणून इंग्लंड व वेल्समधील घरमालकांना २०२२ पासून सरकारी अनुदान मिळत आहे; आरंभी ५,००० पौंड असलेली ही रक्कम ऑक्टोबर २०२३ मध्ये ७,५०० पौंड करण्यात आली. अनुदानामुळे खरेदी आवाक्यात येते हे खरे, पण पुढे वर्षानुवर्षे ते यंत्र स्वस्त पडेल की महाग, हे खरेदीपूर्वी मांडलेल्या एका हिशेबावर ठरते, आणि नेमका तोच हिशेब बऱ्याचदा घाईत उरकला जातो.

हीट पंप उष्णता निर्माण करत नाही, तो ती एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी पोहोचवतो. घराबाहेरील पेटीतला पंखा थंड हवा नळ्यांच्या वेटोळ्यावरून खेचतो. त्या नळ्यांतील शीतक, म्हणजे अतिशय कमी तापमानालाही उकळणारा द्रव, हवेतील उष्णता शोषून वायुरूप होतो. काँप्रेसर त्या वायूवर दाब देऊन त्याचे तापमान वाढवतो, आणि हा तापलेला वायू आपली उष्णता रेडिएटरमध्ये फिरणाऱ्या पाण्याला देऊन पुन्हा द्रवरूप होतो. महाराष्ट्रातील घरांत लागलेला एसी हेच काम उलट दिशेने करतो. अशा यंत्राने इमारती तापवता येतील, ही कल्पना पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून ओळखले गेलेले विल्यम थॉमसन यांनी १८५२ मध्येच मांडली होती.

एक युनिट वीज खर्चून जितकी युनिटे उष्णता मिळते, त्या संख्येला कार्यक्षमता गुणांक म्हणतात, आणि संपूर्ण वर्षाची सरासरी काढली की तो हंगामी गुणांक होतो. ब्रिटनमध्ये विजेचे युनिट गॅसच्या युनिटाच्या जवळपास चौपट महाग असल्यामुळे चांगल्या बॉयलरशी खर्चात बरोबरी साधायची, तर हा गुणांक साडेतीनच्या आसपास तरी जावा लागतो. सरकारी निधीतून ७४२ घरांत हीट पंप बसवून केलेल्या मोठ्या चाचणीत हवेवर चालणाऱ्या पंपांचा मध्यक गुणांक सुमारे २.८ निघाला. २.८ आणि ३.५ यांच्यातील हे अंतर बहुतांशी यंत्राच्या मापावर आणि रेडिएटरला जाणाऱ्या पाण्याच्या तापमानावर अवलंबून असते; कंपनीच्या नावाचा वाटा त्यात मर्यादित आहे.

तापमानाचा मुद्दा भौतिकशास्त्राच्या मूळ नियमातून येतो. बाहेर शून्य अंश सेल्सिअस असताना ३५ अंशांचे पाणी देणाऱ्या आदर्श यंत्राचा गुणांक ८.८ पर्यंत जाऊ शकतो, तर ५५ अंशांचे पाणी मागितल्यास ही मर्यादा ६ वर येते. प्रत्यक्षातील यंत्रे या मर्यादेच्या साधारण निम्म्यापर्यंतच पोहोचतात, पण दोन स्थितींमधील तफावत कायम राहते. उष्णता जितकी ‘वर चढवावी’ लागेल तितकी वीज जास्त, हा यातील साधा अर्थ.

आता मापाकडे वळावे. येथे पहिली दिशाभूल जुना बॉयलरच करतो. ब्रिटिश घरांतील सर्रास आढळणारा कॉम्बी बॉयलर २४ ते ३० किलोवॉटचा असतो, कारण नळ सोडताच अंघोळीचे गरम पाणी तत्क्षणी देण्याची जबाबदारी त्याच्यावर असते; घर उबदार ठेवायला एवढी शक्ती लागते म्हणून नव्हे. हीट पंपाबरोबर गरम पाण्याची टाकी बसवावी लागते आणि ती सावकाश भरता येते, त्यामुळे बॉयलरवरील आकडा नव्या यंत्रासाठी निरुपयोगी ठरतो. खरा आकडा असतो घरातून होणाऱ्या उष्णतेच्या गळतीचा, आणि तो खोलीगणिक काढावा लागतो.

उदाहरणादाखल व्हिक्टोरियन काळातील एका चाळवजा घराची बैठकीची खोली घ्यावी: लांबी-रुंदी चार-चार मीटर, उंची अडीच मीटर, आत २१ अंश हवेत आणि बाहेर उणे ३ अंश, म्हणजे फरक २४ अंशांचा. बाहेरचे हे तापमान त्या भागातील नीचांकी नोंद नसून, वर्षातील अगदी मोजके तास ज्याच्या खाली पारा जातो असे संकल्पन-तापमान असते. विटांच्या भरीव भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरमधून तापमानातील दर अंश फरकामागे सुमारे २ वॉट उष्णता निसटते, तेव्हा १० चौरस मीटर बाहेरच्या भिंतीतून ४८० वॉट जातात. ३ चौरस मीटरच्या दुहेरी काचेच्या खिडकीतून साधारण ११५, लाकडी जमिनीतून सुमारे २७०, आणि फटींतून व झरोक्यांतून हवा तासाला दीड वेळा बदलते असे धरल्यास आणखी ४७५. बेरीज १,३४० वॉट होते. यातील शेवटचा आकडा विशेष लक्ष देण्याजोगा आहे, कारण भिंत आणि खिडकी मोजता येतात, हवेची अदलाबदल मात्र बहुधा जुन्या कोष्टकातून उचलली जाते. खिडक्या-दारांच्या फटी बुजवलेल्या घरात ती प्रत्यक्षात निम्मी असेल, तर या एकाच खोलीत जवळपास २४० वॉट फुकट वाढवलेले असतात, आणि सगळ्या खोल्यांत मिळून ही वाढ एका मापाने मोठे यंत्र गळ्यात मारायला पुरेशी ठरते.

या हिशेबाची पडताळणी गॅसच्या बिलावरून करता येते. ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत दीर्घकाळ संशोधन केलेले भौतिकशास्त्रज्ञ मायकेल डी पोडेस्टा यांचा ठोकताळा असा, की वर्षभरात वापरलेल्या गॅसच्या युनिटांना २,९०० ने भागले की हीट पंपाची किलोवॉटमधील अंदाजे क्षमता मिळते. वर्षाला ११,५०० युनिटे, म्हणजे तेथील मध्यम घराइतका गॅस जाळणाऱ्या कुटुंबासाठी उत्तर येते सुमारे ४ किलोवॉट. दरपत्रकात १२ किलोवॉटचे यंत्र सुचवलेले असेल, तर कोठेतरी चूक आहे असे निःशंकपणे समजावे.

गरजेपेक्षा मोठे यंत्र घेणे ही अनेकांना सावधगिरी वाटते, पण ती चुकीच्या जागी दाखवलेली सावधगिरी आहे. इन्व्हर्टर काँप्रेसर आपला वेग कमी करू शकतो, तरी त्यालाही एक किमान मर्यादा असते. हिवाळ्यातील बहुतेक दिवशी घराला एक-दीड किलोवॉटच लागत असेल आणि यंत्राचे किमान उत्पादन तीन किलोवॉट असेल, तर ते सतत चालू-बंद होत राहते, वीज वाया जाते आणि काँप्रेसर झिजतो. काही कंपन्यांच्या वेगवेगळ्या क्षमतांच्या यंत्रांत आतील सुटे भाग एकच असतात आणि फरक केवळ नियंत्रकातील मर्यादेचा असतो, म्हणून कमाल आकड्याइतकाच किमान आकडाही विचारून घ्यावा. पुण्या-नाशिकात खोलीचे क्षेत्रफळ ऐकून दीड टनाचा एसी सुचवणारा विक्रेता हीच चूक दुसऱ्या ऋतूसाठी करत असतो.

यंत्रावर छापलेली क्षमता बहुधा बाहेर ७ अंश आणि पाणी ३५ अंश या सोयीच्या स्थितीतील असते. उणे ३ अंशांत ४५ अंशांचे पाणी देताना ती घटते, शिवाय ब्रिटनच्या दमट हिवाळ्यात शून्याच्या आसपास बाहेरील वेटोळ्यावर बर्फ साचतो आणि तो वितळवण्यासाठी पंपाला काही मिनिटे उलटे चालून घरातीलच थोडी उष्णता खर्चावी लागते. म्हणून निवड करताना उत्पादकाच्या सविस्तर कोष्टकातील थंडीच्या रकान्यातला आकडा पाहावा.

रेडिएटरचीही अशीच गत असते. त्याची नोंदवलेली शक्ती पाणी आणि खोली यांच्यात ५० अंशांचा फरक धरून दिलेली असते. पाणी ४५ अंशांनी आत जाऊन ४० अंशांनी परतले, तर १,५०० वॉटचा रेडिएटर २१ अंशांच्या खोलीत जेमतेम ५०० वॉट देतो. वरच्या खोलीला १,३४० वॉट हवे असल्याने तेथे अधिक जाड, दुहेरी वा तिहेरी पत्र्याचा रेडिएटर बसवावाच लागेल. हा खर्च टाळून पाणी ५५ अंशांपर्यंत तापवणे शक्य असते, आणि इंग्लंडच्या २०२२ पासून लागू झालेल्या बांधकाम-नियमांनी नव्या तापन व्यवस्थेसाठी तीच कमाल मर्यादा घातली आहे. पण रेडिएटरवर वाचवलेले पैसे त्यानंतरच्या प्रत्येक हिवाळ्यात वीजबिलातून भरावे लागतात. दोन-तीन खोल्यांतील रेडिएटर बदलणे हा या सगळ्या व्यवहारातील सर्वांत शहाणपणाचा खर्च होय.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांसह ज्या कोणाला हा निर्णय घ्यायचा आहे, त्यांनी दरपत्रकाबरोबर खोलीगणिक गळतीचा कागद, संकल्पन-तापमान आणि त्या तापमानाला यंत्र देणार असलेली क्षमता लेखी मागावी, आणि ती न देणाऱ्या कंत्राटदाराशी करार करू नये.